'एकर' या शब्दाची कुळकथा

खेड्यातील मूल शाळेत येण्यापूर्वीच जे थोडे इंग्रजी शब्द ऐकत असते, त्यांत 'एकर' हा शब्द अग्रभागी आहे. घरची जमीन किती, विहिरीखाली किती, भावाच्या वाट्याला किती आली, या सर्व बोलण्यात तो येतो. इतका घरचा झाल्यामुळे तो परका आहे हेही कित्येकांच्या ध्यानी येत नाही. 'एक' या संख्येवरूनच 'एकर' झाला असावा, अशी समजूत मुलांप्रमाणे मोठ्यांतही आढळते. ती बरोबर नाही. परंतु केवळ 'चूक' असे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. खरी व्युत्पत्ती अधिक मनोरंजक आहे आणि ती व्यवहारालाही उपयोगी पडते.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'ॲकेर' असे होते व त्याचा अर्थ 'शेत' एवढाच होता. त्यात मोजमापाचा अंश नव्हता. जर्मन भाषेत 'आकर' म्हणजे आजही नांगरटीची जमीन. लॅटिनमध्ये 'आगेर' व ग्रीकमध्ये 'आग्रोस' हे शब्द शेत याच अर्थाचे आहेत. शेतकी या अर्थाचा इंग्रजीतील 'ॲग्रिकल्चर' हा शब्द लॅटिन 'आगेर' वरूनच सिद्ध झाला आहे. या कुळातील संस्कृत भावंड म्हणजे ऋग्वेदात येणारा 'अज्र' हा शब्द. त्याचा अर्थ मोकळे मैदान, रान किंवा शेत असा होतो. 'अज्' म्हणजे हाकणे, या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. यावरून ज्या रानात गुरे हाकीत न्यावयाची ते 'अज्र', आणि पुढे त्याच रानात नांगर चालू लागल्यावर पश्चिमेकडील भाषांत त्या शब्दाला शेत हा अर्थ आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

येथे चौकस विद्यार्थी शंका घेईल की 'आगेर' मधील 'ग' चा 'एकर' मध्ये 'क' कसा झाला? त्याचे उत्तर बैलाच्या मानेवरील जुवात आहे. जू याला संस्कृतात 'युग', लॅटिनमध्ये 'युगुम' आणि इंग्रजीत 'योक' म्हणतात. लॅटिनमध्ये जेथे 'ग' तेथे इंग्रजीत 'क', हा बदल दोन्ही शब्दांत सारखाच झालेला आहे. असा नियमित बदल अनेक शब्दांत दिसला म्हणजे नाते सिद्ध होते. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्याने होत नाही. ही चूक इंग्रज लोकांकडूनही घडली आहे. ओक वृक्षाच्या फळाला 'एकॉर्न' म्हणतात. तो शब्द मुळात 'एकर' च्याच कुळातील, म्हणजे रानातील फळ या अर्थाचा. परंतु 'ओक' आणि धान्यवाचक 'कॉर्न' यांचा तो जोडशब्द आहे असे समजून लोकांनी त्याचे रूपच बदलून टाकले.

शेत या अर्थाचा शब्द मोजमापाचा कसा झाला, हे समजण्यास नांगराकडे पाहावे लागते. मध्ययुगीन इंग्लंडात बैलांची एक जोत एका दिवसात जेवढी जमीन नांगरी, तेवढीला एकर म्हणू लागले. तेथील नांगर जड असे व त्याला अनेक बैल जुंपीत. एवढी लांब जोत वळविणे कष्टाचे, म्हणून तास लांबच लांब घालीत व वळणे कमी ठेवीत. त्यामुळे एकर हा चौकोनी तुकडा नसून लांबट पट्टा होता. त्याची लांबी 220 यार्ड व रुंदी 22 यार्ड. या 220 यार्डांच्या अंतराचे नाव 'फर्लाँग', आणि त्याचा मूळ अर्थ 'नांगराच्या तासाची लांबी' असा आहे. कष्टाने जमीन मोजण्याची ही रीत एका देशापुरती नव्हती. रोमन लोकांच्या जमीनमापाचे नाव 'युगेरुम' हे जुवावरूनच पडले आहे. जर्मनीत 'मॉर्गेन', म्हणजे सकाळ, असे माप होते. एका सकाळी नांगरून होईल तेवढी जमीन असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही अमक्याची दोन औतांची शेती आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहेच.

श्रमावर आधारलेले माप सर्वत्र सारखे राहत नाही. भारी जमीन सावकाश नांगरली जाते, हलकी लवकर. म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे एकर झाले. इंग्रजी एकर 4,840 चौरस यार्डांचा, तर आयर्लंडमधील एकर 7,840 चौरस यार्डांचा होता. एडमंड गंटर या गणितज्ञाने 1620 च्या सुमारास 22 यार्ड लांबीची व 100 कड्यांची साखळी प्रचारात आणली. तिच्या 10 चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होतो. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी 22 यार्ड म्हणजे हीच साखळी होय, हे मुलांना अवश्य सांगावे.

महाराष्ट्रात पूर्वी जमीन काठी, पांड, बिघा व चाहूर या मापांनी मोजीत. 20 काठ्यांचे एक पांड, 20 पांडांचा एक बिघा व 120 बिघ्यांचा एक चाहूर, असे कोष्टक होते; परंतु काठीची लांबी बदलली की बिघाही बदले. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची जमाबंदीची पद्धत लागू झाली आणि ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. या मोजणीबरोबर एकर गावोगाव पोचला. येथील मोजणीची साखळी 33 फुटांची. तिच्या एका चौरसाचा, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा, एक गुंठा. आणि 40 गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे 43,560 चौरस फूट.

1956 च्या वजनमापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली आणि सातबाऱ्यावर हेक्टर व आर दिसू लागले. 'आर' हा 'एकर' चा संक्षेप नव्हे. लॅटिनमध्ये मोकळ्या जागेला आणि खळ्याला 'आरेआ' म्हणत. त्यावरून फ्रान्समध्ये 1795 साली हे नाव ठेवण्यात आले. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा म्हणजे एक आर, आणि शंभर आरांचा एक हेक्टर. एक गुंठा सुमारे 101 चौरस मीटरांचा असल्यामुळे गुंठा व आर जवळजवळ सारखे भरतात. आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

जुन्या कागदावर एकराच्या रकान्यात 1.20 असे लिहिले असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर होय. नव्या उताऱ्यावरील 1.20 हेक्टर म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे सुमारे 2 एकर 39 गुंठे. पहिल्या लेखनात टिंबापुढील आकडा चाळिसांवर चालतो, दुसऱ्यात शंभरावर. 2 हेक्टर 40 आर हे 2 एकर 40 गुंठे असे वाचले, तर ती जमीन 3 एकर भासते. वस्तुतः ती सुमारे 5 एकर 37 गुंठे असते. वाटणीच्या किंवा खरेदीखताच्या वेळी ज्याला हा भेद वाचता येत नाही, त्याचे अर्धे शेत एका टिंबात नाहीसे होऊ शकते. उतारा वाचून दाखविण्यासाठी पुष्कळ घरांत शाळेत जाणाऱ्या मुलालाच हाक मारली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाठाचे मोल कळेल.

हा पाठ फळ्यापेक्षा पटांगणावर अधिक चांगला होतो. 33 फूट लांबीची दोरी घेऊन चार खुंट्यांनी एक गुंठा आखावा. त्याच्याच एका कोपऱ्यापासून दहा मीटरांचा चौरस आखला म्हणजे आर गुंठ्याहून किंचित लहान आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. नंतर 660 ला 66 ने गुणून येणाऱ्या संख्येस 1,089 ने भागावयास सांगावे. उत्तर 40 येताच नांगराच्या तासाचा गुंठ्याशी असलेला संबंध त्यांना आपोआप उमजेल. शेवटी वरच्या वर्गातील मुलांना घरच्या उताऱ्यावरील क्षेत्र वहीत उतरवून आणण्यास सांगावे व ते एकर-गुंठ्यांत फिरवून घ्यावे. हेक्टरला 2.471 ने गुणावे, पूर्णांक ते एकर समजावे आणि उरलेल्या अपूर्णांकास 40 ने गुणून गुंठे काढावे. उत्तर घरी वडीलधाऱ्यांना वाचून दाखविण्यास सांगितले, म्हणजे शाळेत शिकविलेले गणित त्याच संध्याकाळी घरच्या उपयोगी पडेल.