मोहल्ल्यात रॉकेट क्लब चालवायचाय? आधी सुरक्षेची घडी बसवा

सुट्टी लागली की मुलं विचारतात, "अब्बा, आपण खरं रॉकेट बनवू शकतो का?" मोबाईलवर त्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात. चांद्रयानाचं उड्डाण घरोघरी बघितलं गेलं, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येतो. उत्तर 'हो' असं आहे. पण ते देण्याआधी मोठ्यांना थोडा अभ्यास करावा लागेल. कारण आपण 'नाही' म्हटलं तर मूल गप्प बसेलच असं नाही. ते गच्चीवर जाईल आणि फटाक्यांतली दारू काढून पाईपमध्ये भरेल. हात भाजतात, डोळे जातात ते इथेच.

कलाम साहेबांपासून सुरुवात करू

डॉ. एपीजे अब्दुल कलाम यांचं नाव घेतलं की आपल्याला क्षेपणास्त्रं आठवतात. पण 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंबा इथून भारतातलं पहिलं साउंडिंग रॉकेट उडालं, तेव्हा तरुण कलाम यांच्याकडे रॉकेटची जुळणी आणि सुरक्षा ही जबाबदारी होती.

'विंग्ज ऑफ फायर' या आत्मचरित्रात त्यांनी थुंबामधला एक अपघातही सांगितला आहे. सोडियम आणि थर्माइटचं मिश्रण भरण्याचं काम चालू होतं. दमट हवा होती, सगळे घामाघूम झाले होते. सुधाकर नावाच्या सहकाऱ्याच्या कपाळावरचा घामाचा एक थेंब सोडियमवर पडला आणि स्फोट झाला. सुधाकर यांनी हाताने खिडकीची काच फोडून कलामांना बाहेर ढकललं. त्यांचे स्वतःचे हात रक्तबंबाळ झाले.

विचार करा, ही शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. त्यांच्या हातूनही एका थेंबामुळे हे झालं. मग आपल्या गल्लीतल्या चौदा वर्षांच्या पोराने स्वयंपाकघरात 'फ्युएल' घोटावं का?

अमेरिकेने हा धडा कसा घेतला

4 ऑक्टोबर 1957 ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या मुलांना रॉकेटचं वेड लागलं. तळघरात, गॅरेजमध्ये मुलं स्वतः दारू बनवू लागली. अनेक जण जखमी झाले, काही जीवही गेले.

यावर तोडगा काढला दोन माणसांनी. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्विल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते. त्यांना शोभेच्या दारूची चांगली माहिती होती. त्यांनी कागदी नळीचं हलकं रॉकेट आणि त्यात बसवायची छोटी, तयार मोटर बनवली. दुसरे जी. हॅरी स्टाइन. ते व्हाइट सँड्सच्या लष्करी चाचणी केंद्रात सुरक्षेचं काम बघायचे. दोघांनी मिळून या छंदाला शिस्त लावली. मुलांनी दारूला हात लावायचा नाही, मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची, हा पहिला नियम झाला. 1957 मध्येच तिथे छंदी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आजही ती बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

त्यांच्या सुरक्षा संहितेतले काही नियम बघा. रॉकेटला धातूचं टोक नको. कागद, लाकूड, प्लास्टिक चालेल. काडी लावून पेटवायचं नाही, दुरून विजेच्या बटणाने पेटवायचं, आणि बोट काढलं की बटण आपोआप बंद झालं पाहिजे. लहान मोटरसाठीही किमान 15 फूट लांब उभं राहायचं, मोठीसाठी 30 फूट. वारा ताशी 20 मैलांच्या, म्हणजे साधारण 32 किलोमीटरच्या वर असेल तर उड्डाण नाही. बटण दाबून रॉकेट उडालं नाही, तर सेफ्टी चावी काढायची किंवा बॅटरी तोडायची आणि 60 सेकंद कुणीही जवळ जायचं नाही. विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर अडकलेलं रॉकेट सोडून द्यायचं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

भारतात 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम लागू आहेत. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा गुन्हा आहे. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, म्हणजे 'पेसो'चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा तर आणखी कडक आहे. संशयास्पद स्थितीत अशी वस्तू सापडली, तर ती कायदेशीर कामासाठी होती हे ज्याच्याकडे सापडली त्यालाच दाखवून द्यावं लागतं.

इथे थोडं स्पष्ट बोलू या. आपल्या वस्तीत 'मुलं बारूद घोटत होती' एवढं वाक्यही एखाद्या मुलाचं आयुष्य उलटंपालटं करू शकतं. हेतू कितीही साफ असो. म्हणून क्लबचा पहिला नियम ठरवून टाका: दारू, पोटॅशियम, गंधक, फटाक्यांची पूड यातलं काहीही नाही. शब-ए-बरातचे उरलेले फटाकेही नाहीत.

मग उडवायचं काय? पाण्याचं रॉकेट

सोड्याची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी आणि सायकलचा पंप. हवा दाबली की पाणी जोरात खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम डोळ्यांसमोर. आग नाही, रसायन नाही, खर्चही किरकोळ.

पण 'पाण्याचं आहे, काय होतंय' असं समजू नका. दाबलेली हवा म्हणजे साठवलेली ताकद. बाटली तोंडावर आदळली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून:

– बाटली सोड्याचीच घ्या. ती गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली तो दाब सोसणार नाही.
– ओरखडा, घडी किंवा पांढरा डाग दिसला की बाटली बाद. गरम गोंद लावू नका, प्लास्टिक कमजोर होतं. पंख टेपने चिकटवा.
– टोकाला स्पंज किंवा मऊ फोम लावा. खिळा, तार, दगड नको.
– मीटर असलेलाच पंप वापरा. 60 पीएसआय ही आपली शेवटची मर्यादा. नव्या क्लबने 40 वरच थांबावं.
– बाटली काठोकाठ पाण्याने भरून आधी दाबाची चाचणी घ्या. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. त्यामुळे बाटली फुटली तरी स्फोट होत नाही, पाणी सांडतं.
– नळीला पंपाजवळ हवा सोडायचा कॉक हवाच. रॉकेट अडकलं तर जवळ जाऊन हलवायचं नाही. दुरून कॉक उघडायचा, मीटर शून्यावर येऊ द्यायचा आणि मगच पुढे जायचं.
– खटका लांब दोरीने ओढायचा. ओढणारा निदान पाच मीटरवर, बाकी सगळे पंधरा मीटरवर दोरीच्या मागे. जवळ असणाऱ्या प्रत्येकाला चष्मा.

स्वयंसेवक: कुणी काय करायचं

क्लब चालतो तो माणसांवर. आपल्याकडे खिदमत करणाऱ्यांची कमी नाही, पण 'सगळे मिळून बघू' म्हटलं की कुणीच बघत नाही. म्हणून कामं नावाने वाटा.

सुरक्षा प्रमुख एकच. त्याने किंवा तिने त्या दिवशी स्वतःचं किंवा आपल्या मुलाचं रॉकेट उडवायचं नाही. या माणसाचं 'नाही' म्हणजे नाही, समोर जमातीचे अध्यक्ष असोत की त्यांचा नातू. दुसरा माणूस तपासणीच्या टेबलावर, प्रत्येक बाटली हातात घेऊन बघणारा. तिसरा खटक्याजवळ. तो मोठ्याने पाच-चार-तीन म्हणेल. चौथा दोरीवर, कारण लहान मुलं बाटलीमागे धावतात. पाचव्याकडे प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर. एवढी माणसं आली नाहीत, तर त्या दिवशी फक्त रॉकेट बनवा, उडवू नका.

'थांबा' हा शब्द कुणीही उच्चारू शकतो, सात वर्षांची मुलगीसुद्धा. तो ऐकला की सगळं थांबलं पाहिजे. नंतर कारण फालतू निघालं तरी तिला रागवायचं नाही. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील.

एक वही ठेवा. 'बाटली दोरीच्या आत पडली', 'कॉक गळत होता', असं जे थोडक्यात चुकलं ते लिहा. चूक कुणाची हे लिहू नका, काय झालं ते लिहा. महिन्यातून एकदा चहावर ती वही वाचा. मोठा अपघात बहुतेक वेळा आधी छोट्या चुकांतून दिसत असतो.

परवानगी आणि भरवसा

ईदगाहचं किंवा शाळेचं मैदान असेल तर ट्रस्टची लेखी परवानगी घ्या. विजेच्या तारा, रस्ता, घरांची कौलं जवळ नकोत. पोलीस ठाण्यात एक साधं पत्र द्या: पाणी आणि हवेवर चालणारी रॉकेटं, तारीख, वेळ, जबाबदार व्यक्तींची नावं. पोच घ्या आणि जपून ठेवा. शेजाऱ्यांनाही बोलवा, मग ते कुठल्याही समाजाचे असोत. बघितलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही.

पालकांची लेखी संमती घ्या. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक आपा असली तर मुलीही बिनधास्त येतील. फोटो विचारून काढा. वेळ रविवारी फज्रनंतरची उत्तम. वारा शांत असतो, ऊन चढलेलं नसतं आणि जोहरच्या आत सगळं आटोपतं.

आपल्याला शिकवण आहे की आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. लोक आपली मुलं दोन तासांसाठी आपल्या हाती देतात, ती अमानत असते. बाटली तपासणं, दोरी बांधणं, वही लिहिणं हेच आपलं उंट बांधणं. तेवढं करा. इन्शाअल्लाह मुलं संध्याकाळी घरी येतील ती ओल्या कपड्यांनी आणि शंभर प्रश्न घेऊन. त्यातलंच एखादं उद्या थुंबाला पोहोचेल.