झडतीला 'हो' म्हणण्यापूर्वी

झडती म्हटली की आमच्या पिढीला पंचनामा आठवतो. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हजर हवेत, हा भारतातला जुना नियम. (नव्या संहितेने आता चित्रीकरणही सक्तीचे केले आहे.) अमेरिकेत पंच नाहीत, इथे न्यायाधीशाचे वॉरंट लागते, निदान घरासाठी तरी. पण नियम मोडला तर काय? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पूरणमल खटल्यात सांगितले, की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यामुळे पुरावा बाद होत नाही.

अमेरिकेत तो सहसा बाद होतो. याचे श्रेय क्लीव्हलंडच्या डॉलरी मॅप यांना. १९५७ मध्ये बाँबस्फोटातला संशयित शोधत पोलीस दारात आले. बाईंनी वकिलाला फोन करून वॉरंट मागितले. काही तासांनी पोलीस एक कागद नाचवत घुसलेच. बाईंनी तो हिसकावून पोलक्यात खोचला! खटल्यात वॉरंट कधीच पुढे आले नाही. अश्लील पुस्तके सापडली म्हणून झालेली शिक्षा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

त्याच शहरात १९६३ मध्ये मार्टिन मॅकफॅडन या मुरलेल्या डिटेक्टिव्हने दोघांना दुकानाच्या काचेतून पुनःपुन्हा डोकावताना पाहिले, कपड्यांवरून चाचपले, आणि पिस्तूल निघाले. १९६८ च्या टेरी निकालाने वाजवी संशयावरची अशी चाचपणी ग्राह्य धरली. ते योग्यच होते. पोलिसालाही जीव असतो. माझी तक्रार पुढच्या वापराबद्दल आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी पावणेसात लाखांहून अधिक वेळा लोकांना अडवले, बहुतेक काळे आणि लॅटिनो. दहातल्या जवळजवळ नऊ वेळा ना अटक, ना समन्स. २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

आपल्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. गणवेशाला 'नाही' म्हणणे आपण त्यांना शिकवलेलेच नसते. रस्त्यात अधिकारी सहज विचारतो, "ट्रंक बघू का?" मूल हो म्हणते. एकदा संमती दिली की वॉरंटही लागत नाही, संशयही लागत नाही. आणि नकार देता येतो हे सांगणे पोलिसांवर बंधनकारक नाही, असे १९७३ चा श्नेकलॉथ निकाल म्हणतो. फोनचे मात्र वेगळे: अटकेनंतरही तो तपासायला वॉरंट हवे, असे २०१४ मध्ये रायली खटल्यात न्यायालयाने एकमताने ठरवले.

तेव्हा हात स्टिअरिंगवर ठेवून, "झडतीला माझी संमती नाही," एवढे मुलांनी नम्रपणे इंग्रजीत म्हणावे. तरीही ट्रंक उघडली तर आडवे जाऊ नये. तो वाद वकिलाने पुढे कोर्टात घालायचा असतो.