मोटारीच्या बॅटरीची नाडी

मोटारीची बॅटरी एका दिवसात क्वचितच मरते. ती हळूहळू खंगत जाते, आणि मालकाला ते कळते एखाद्या पहाटे, किल्ली फिरवूनही स्टार्टर नुसता कण्हतो तेव्हा. कोणाला रोगी घेऊन इस्पितळ गाठावयाचे असते, कोणाला भाजीचा टेंपो बाजारात पोचवावयाचा असतो. नवी बॅटरी घेतली म्हणजे सुटलो असेही नाही. दोष भरणीतच असला तर नवीचीही तीच गत होते. म्हणून तिची नाडी रोज पाहता येईल असे एक लहानसे साधन घरच्या घरी कसे करावे, ते आपण पाहू.

प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा घट केला. आपल्या मोटारीतला घट त्याच घराण्यातला. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, असे सहा ओळीने जोडले की भरलेल्या, स्वस्थ बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. 'बारा व्होल्टची' हे नुसते नाव झाले; खरोखर बारावर उतरलेली बॅटरी बरीचशी रिकामी असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिच्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास दाब ठेवतो. तो तेराच्या खाली राहिला तर भरणी होत नाही, आणि अर्धपोटी बॅटरीच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. उलट दाब पंधराच्या वर गेला तर आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघतात. पाणी आटते, हे एक. आणि ते वायू ठिणगीला स्फोटक असतात, हे त्याहून वाईट.

कोणी म्हणेल, समोर तांबडा दिवा आहेच की! पण त्याचे एक टोक किल्लीच्या बाजूस व दुसरे अल्टरनेटरला असते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. अल्टरनेटर वीज देतो आहे एवढेच त्यावरून कळते. ती जास्त झाली तर हा दिवा गप्पच.

आपल्या साधनाचे काम तुलनेचे. एका बाजूस न हलणारे माप हवे; ते ५.६ व्होल्टचा झेनर डायोड देतो. त्याला १ किलो-ओहमच्या रोधातून प्रवाह द्यावा. दुसऱ्या बाजूस बॅटरीच्या दाबाचा ठरावीक हिस्सा हवा. त्यासाठी वरून खाली ८.२ किलो-ओहम, २.२ किलो-ओहमचा फिरता प्रीसेट, १ आणि ६.८ किलो-ओहम अशी माळ करावी. १ किलो-ओहमच्या दोन टोकांवरचे दाब एलएम ३९३ या आठ पायांच्या आयसीतील दोन तुलनकांना द्यावेत. वरचा हिस्सा मापापेक्षा कमी पडला की पिवळा एलईडी लागावा, खालचा मापाहून वाढला की तांबडा, अशा बेताने जोडणी करावी. प्रत्येक एलईडीला २.२ किलो-ओहमचा रोध द्यावा. आत येणाऱ्या तारेत एक फ्यूज आणि १एन४००७ डायोड हवाच. तारा उलट जोडल्या गेल्या तरी आयसी वाचते. त्यामागे १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ठेवावे.

आता मापन. बदलत्या दाबाचा पुरवठा मल्टिमीटरवर बरोबर १५ व्होल्टला ठेवून तांबडा दिवा लागतो न लागतो तोपर्यंत प्रीसेट फिरवावा. मग पिवळा आपोआप १३.२ च्या सुमारास विझतो. दोन दिव्यांसाठी दोनदा जुळवण्याचा खटाटोप उरत नाही.

दोन्ही दिवे विझलेले, म्हणजे सारे ठीक. पण तार तुटली तरी दिवे विझलेलेच राहणार! इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवताच पिवळा लागलाच पाहिजे, ही त्याची रोजची परीक्षा. तांबड्याची मात्र अशी परीक्षा होत नाही. तो अधूनमधून पुरवठ्यावर तपासावा.

रात्री गाडी उभी असताना हेडलाइटमुळे पिवळा चमकला आणि वेग वाढताच विझला, तर काळजी नको. विझलाच नाही तर आधी पट्टा, मग बॅटरीची टोके पाहावीत. अल्टरनेटर उघडण्याची घाई नको. नव्या मोटारींत संगणकच भरणीचा दाब मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे हा पिवळा दिवा उगाच घाबरवील.

जोडणी किल्लीनंतरच्या फ्यूजवरूनच घ्यावी. थेट बॅटरीला जोडले तर हे इवलेसे यंत्रच महिन्याकाठी आठ-नऊ अँपिअर-तास वीज खाईल.