छावणीच्या दारात आलेले विद्यापीठ

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका जोडावी, ही अट आपल्याला किती साधी वाटते! परंतु जीव वाचवण्यासाठी रातोरात घर सोडलेल्या कुटुंबाने ती कागदपत्रे कोठून आणावीत? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयानुसार २०२३ साली जगातील निर्वासित तरुणांपैकी अवघे ७ टक्के उच्च शिक्षण घेत होते. आमच्या मते याचे कारण बुद्धीचा अभाव हे नव्हे. कागद, शुल्क आणि छावणीचे कुंपण, हे खरे अडसर होत.

कागदांपुरता काही मार्ग निघाला आहे. युरोप परिषदेने २०१७ साली निर्वासितांसाठी ‘पात्रता पारपत्र’ सुरू केले. विद्यार्थ्याने दिलेली माहिती, हाती उरलेले कागद आणि जाणकारांनी घेतलेली मुलाखत यांच्या आधारे त्याचे शिक्षण कोठवर झाले, हे त्यात नमूद होते. प्रवेशाची हमी मात्र त्याने मिळत नाही. शुल्कासाठी जर्मन शासनाच्या साहाय्याने १९९२ पासून ‘डाफी’ शिष्यवृत्ती दिली जाते. तिला अल्बर्ट आईन्स्टाईन यांचे नाव आहे. तेही निर्वासितच होते, हे आपण सहसा विसरतो.

कुंपणाचा प्रश्न अधिक बिकट आहे. आफ्रिकेतील मलावी देशात निर्वासितांनी झालेका छावणीतच राहावे, असा नियम आहे. ही जागा पूर्वी तुरुंग होती! विद्यार्थी बाहेर जाऊ शकत नसेल, तर विद्यापीठानेच आत यावे, या विचाराने येशूसंघीयांनी २०१० साली झालेका आणि केनियातील काकुमा येथे इंटरनेटद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. अध्यापक दूरदेशींचे, तर पदविका अमेरिकेतील रेजिस विद्यापीठाची. फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली स्थापिलेल्या येशूसंघीय निर्वासित सेवेचे या कार्यास साहाय्य लाभले. छावणीतच शिक्षण ही गोष्ट आपल्या भूमीलाही अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रयास आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांसाठी चर्च होते, तशाच शाळाही होत्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथोलिक विद्यापीठांना छावण्यांतील तरुणांसाठी दूरशिक्षण व शिष्यवृत्त्यांची सोय करण्याचे आवाहन केले होते. आपल्या महाविद्यालयांच्या चालकांनी ते मुळातून वाचावे. तरीही एक गाठ सुटलेली नाही. पदविका हाती आली, तरी झालेकातील तरुणाला नोकरीसाठी छावणीबाहेर पडणे आजही सोपे नाही. ती परवानगी विद्यापीठाच्या नव्हे, शासनाच्या हाती आहे.