शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवावा

संगणकशास्त्र हा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विषय नव्हे. तरीही त्यातला एक प्रश्न मला असा आढळला, की तो समजण्यासाठी गणितापेक्षा माणसांच्या सवयी ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते. तो प्रश्न म्हणजे संदर्भगणनेतील चुका.

आपल्या तळेगावात एक अभ्यासिका आहे अशी कल्पना करा. दाराशी पाटी आहे. येणाऱ्याने पाटीवर एक रेघ ओढायची, जाताना एक पुसायची. शेवटची रेघ पुसणाऱ्याने दिवा मालवून कुलूप लावायचे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हेच करतो. पेनड्राइव्ह, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांशी बोलणारे कर्नलचे भाग म्हणजे ड्रायव्हर. एकच उपकरण अनेकजण वापरतात, म्हणून प्रत्येकाच्या नावे एक आकडा ठेवलेला असतो. तो शून्य झाला की उपकरणाच्या नोंदीने व्यापलेली स्मृतीतील जागा मोकळी होते. ही युक्ती अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली.

चुका मुख्यतः दोन. रेघ पुसायची राहिली, तर दिवा रात्रभर जळतो. स्मृती अडकून पडते. रेघ दोनदा पुसली, तर आत कोणी वाचत असतानाच काळोख होतो. मोकळी झालेली जागा दुसऱ्याला मिळते आणि पहिला तिथेच लिहीत बसतो. मग यंत्र कोसळते.

पहिली चूकही निरुपद्रवी नाही. लिनक्स कर्नलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात एक रेघ पुसायची राहत असल्याचे जानेवारी २०१६ मध्ये उघड झाले. ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजले की तो आकडा फिरून शून्यावर येई, आणि आत माणूस असूनही जागा रिकामी ठरे. त्या वाटेने साधा वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकारी होऊ शकत असे. २०१७ पासून लिनक्समध्ये असा आकडा शून्यावर फिरू न देता वरच अडकवून ठेवण्याची सोय आली.

दोष शोधायचा कुठे? सरळ वाटेवर तो क्वचित सापडतो. लोकल चुकेल म्हणून धावत सुटलेल्याला पाटी आठवत नाही. तसेच काम अर्धवट सोडून परत फिरणाऱ्या आज्ञावलीत रेघ राहते. म्हणून अपयशाच्या वाटा आधी वाचाव्यात.

खरी अडचण पुढेच आहे. पाटीवर एक रेघ उरली, पण ती कोणाची? आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘कोण’ ते सांगत नाही. नेटवर्कचे उपकरण काढताना लिनक्स ‘ते मोकळे होण्याची वाट पाहत आहे, वापर १’ असा संदेश पुन्हापुन्हा देत राही, आणि तो एक कोण हे शोधण्यात जाणत्यांचेही दिवस जात. २०२२ मध्ये त्यावर साधा उपाय आला: तपासणीपुरती रेघेऐवजी नोंद ठेवायची, कोणी व आज्ञावलीच्या कोणत्या ठिकाणाहून ताबा घेतला याची. नोंदीला वेळ आणि जागा लागते, म्हणून एरवी ती बंद ठेवतात. पण दोष सापडतो तो तिच्यामुळेच. बेरीज-वजाबाकी बरोबर असूनही हिशेब का लागत नाही, याचे उत्तर नावांत असते, हे आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तरी निराळे सांगायला नको.