शिवोलीचा रेमो आणि बांद्याअलीकडची बोली

गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस याची 'गोअन क्रेझी' ही कॅसेट निघाली १९८४ साली. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, तरी बांद्याच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, मालवणी अजून गिटारच्या वाटेला फारशी गेलेली नाही. मोबाइलवर ती रोज ऐकू येते, पण हसवण्यापुरती. हे सलतं.

'गोअन क्रेझी'आधीच्या वर्षांत रेंगाळण्यासारखं थोडं. गोव्यातल्या पोरांनी विलायती बँडची गाणी हुबेहूब वाजवायची, टाळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. पणजीत वाढलेला रेमोही त्यातूनच आला. मुंबईत जेजेमध्ये आर्किटेक्चर शिकला, युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून परतला.

खरं दशक ऐंशीचं. मुंबईच्या कंपन्यांनी नाकारलेली गाणी त्याने शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी दुकानोदुकानी पोचवल्या. 'गोअन क्रेझी'ची भाषा इंग्रजी, माणसं मात्र गोव्याची. पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी आली, श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये त्याचा कोकणी आवाज घुमला. १९८७ला 'जलवा' चित्रपटाने त्याला हिंदीत नेलं.

गाणाऱ्याला अनेक भाषांचा उपयोग केवळ जास्त श्रोते मिळवण्याइतका नसतो. इंग्रजीतले तुटक, व्यंजनान्त शब्द ड्रमच्या ठोक्यावर नेमके आपटतात. अनेक कोकणी शब्द स्वरावर, अनुनासिकावर संपतात, त्यामुळे हवे तेवढे लांबवता येतात. शिवाय बोलीबरोबर तिचा ठेकाही येतो, दुलपद या गोव्याच्या नाचगाण्याचा सहा मात्रांचा झोका इंग्रजी शिकून हाती लागत नाही.

तिकडे अमेरिकेतही हेच घडलं. गायक रिची व्हॅलेन्सने १९५८ साली 'ला बाम्बा' हे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं लोकगीत रॉकमध्ये आणलं. त्याला स्वतःला स्पॅनिश धड बोलता येत नव्हतं, पण घरात ऐकलेला ठेका अंगात होता. १९८७ साली, म्हणजे 'जलवा'च्याच वर्षी, दोन्ही भाषांत गाणाऱ्या लॉस लोबोस या बँडने तेच स्पॅनिश गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं.

एकाच मंचावर दोन भाषा हे सिंधुदुर्गाला नवं नव्हतं. दशावतारात देव नि राजे ग्रांथिक मराठी बोलतात, संकासुर मात्र मालवणीत. १९८०पासून 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाने पाच हजारांवर प्रयोगांत या बोलीला मुंबईच काय, लंडनही दाखवलं. ते यश मोठंच. पण त्यानंतर मालवणी म्हणजे विनोद अशी खूणगाठ बसली, आणि वर्गात तोंडून 'कुठे'ऐवजी 'खंय' निघालं की 'शुद्ध बोल' म्हणून दटावणाऱ्यांचं आयतंच फावलं. त्या दटावण्याने किती गळे गप्प केले, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दशावताराच्या दहीकाल्याच्या रात्री आजही पखवाज घुमतो, झांज झडते आणि संकासुर एखादं 'इलंय' असं ताणतो की पुढची थाप त्याच्यासाठी थांबते. समोर मोबाइल उंच धरून पोरं उभी असतात. त्यातल्या कुणाकुणाच्या घरी गिटार आहे. तिच्यावर गाणी वाजतात ती हिंदी.