विहिरीवरचा पंप आणि दगडी कोळसा

देशाची वीज दगडी कोळशावांचून निर्माण करितां येईल काय, हा प्रश्न शहरांतील विद्वान् मंडळींनीं चर्चावा, शेतकऱ्यास त्याशीं काय कर्तव्य, असा आमच्या पुष्कळ बांधवांचा समज आहे. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. महाराष्ट्रांत हा प्रश्न कोठें आधीं सुटण्यासारखा असेल, तर तो विहिरीवरच्या पंपापाशींच होय. आणि त्यांत नफा वा तोटा जो व्हावयाचा, तोहि प्रथम शेतकऱ्याचाच.

भारतांत निर्माण होणाऱ्या विजेपैकीं सुमारें तीन चतुर्थांश वीज कोळशाची असते. आपल्याकडील चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस व परळी येथील औष्णिक केंद्रें कोळशावरच चालतात. एका युनिटास साधारणपणें ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. पांच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालविला, तर सुमारें ३० युनिट वीज लागते. म्हणजे एका दिवसाच्या भिजवणीमागें वीस किलो कोळसा. आपल्या कोळशांत राखेचा अंश मोठा, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तेव्हां सहा-सात किलो राख कोणाच्या तरी शिवारालगत पडतेच. पाण्याचा हिशोब याहूनहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जुन्या केंद्रांनीं युनिटामागें साडेतीन लिटरांहून अधिक पाणी वापरूं नये, अशी मर्यादा केंद्र सरकारनें २०१५ सालीं घातली. ती पाळली जाते असें धरिलें, तरी तुमच्या विहिरींतील पाणी वर येण्यासाठीं दुसऱ्या कोठल्या तरी नदीचें शंभरएक लिटर पाणी खर्चीं पडतें. परळीचें केंद्र २०१३ सालीं व पुन्हां २०१५ सालीं पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें, हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

आतां रात्रीच्या पाळीचें पाहूं. शेतीस दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास, अशी आळीपाळीनें वीज देण्याची पद्धति पडली, ती कोणाच्या दुष्टाव्यानें नव्हे. कोळशाची भट्टी म्हणजे घरची चूल नव्हे, कीं हवी तेव्हां पेटविली व नको तेव्हां विझविली. ती रात्रभर धगधगत ठेवावी लागते. आणि शहरें निजलीं, कारखान्यांचा उठाव उतरला, म्हणजे उरलेली वीज पंपांच्या वाट्यास येते. तेवढ्यासाठीं शेतकऱ्यानें पौषाच्या थंडींत, कमरेएवढ्या पिकांत, हातीं बॅटरी घेऊन दारें धरावयाचीं. साप-विंचवाचें भय आहेच. जुन्नरसारख्या उसाच्या मुलखांत बिबट्याचेंहि आहे. आमच्या आजांची मोट पहाटेस जुंपली जाई व उन्हें चढलीं म्हणजे सुटे. श्रम थोडे नव्हते. पण बैलांस रात्रपाळी कोणी लाविली नव्हती!

सूर्याच्या विजेचा मोठा दोष असा, कीं ती संध्याकाळीं मावळते. दिव्यास हा दोष मारक आहे, पंपास नाहीं. पिकास पाणी सकाळीं दहास मिळालें काय आणि दुपारीं दोनास मिळालें काय, फरक थोडा. ओलावा जमिनींत सांठतो, म्हणून वीज सांठविण्याचा महागडा खर्च येथें पडत नाहीं. हें ओळखून राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढिली. राळेगणसिद्धीचें केंद्र हें तिच्या पहिल्या प्रयोगांपैकीं एक. २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा निघाला, व वैजापूर तालुक्यांतील धोंदलगांव येथें ३ मेगावॅटचें केंद्र २०२४ सालीं सुरू झालें. गांवच्या उपकेंद्राजवळ तावदानें उभारावयाचीं व तेथील वीज शेतीच्या वाहिनींत सोडावयाची, अशी ही रचना. दर युनिटास सुमारें तीन रुपये पडतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल सरकारनें २०२४ पासून माफ केलें असल्यानें हा स्वस्तपणा आज शेतकऱ्याच्या हातास लागत नाहीं. पण तिजोरीवरचा भार हलका झाल्यावांचून ती माफी किती दिवस टिकेल, हें ज्याचें त्यानें ताडावें.

रात्रीच्या दिव्यांचें काय, असें कोणी विचारील. अकोले तालुक्यांतील घाटघर येथें २५० मेगावॅटचें केंद्र आहे. वीज मुबलक असतां खालचें पाणी वरच्या तलावांत चढवावयाचें, आणि मागणी वाढली म्हणजे तेंच खालीं सोडून वीज काढावयाची, अशी तेथें योजना आहे. अशीं केंद्रें पुष्कळ वाढेपर्यंत रात्रीचा कोळसा सुटणार नाहीं, हें आम्ही स्पष्टच म्हणतों. दिवसाचा मात्र सुटूं शकतो.

जमिनीविषयीं दोन शब्द. एका मेगावॅटास चार-पांच एकर जागा लागते. दुसऱ्या टप्प्यांत खासगी जमिनीस हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें व त्यावर सालोसाल ३ टक्के वाढ ठरली आहे. मुरमाड, पडीत रानास हें उत्पन्न वाईट नाहीं. बागाइती जमीन मात्र कोणीं यांत घालूं नये. करार सुमारें पाव शतकाचा. तेव्हां सातबारावरील सर्व भाऊबंदांची संमति आधींच घ्यावी, आणि मुदत संपल्यावर खांब व पाये कोणीं उपटावयाचे, तें कागदावर लिहून घ्यावें.

आम्हांस खरी धास्ती वाटते ती विहिरीची. रात्रीची पाळी त्रासाची होती, तरी तिनें उपशास थोडाबहुत आळा पडत असे. दिवसा नियमित आणि फुकट वीज मिळूं लागली, म्हणजे बटण कोण बंद करणार? माघांतच विहीर तळास गेली, तर तावदानें चैत्राच्या उन्हांत नुसतीं तळपत राहतील. हिवरे बाजार येथें पावसाळा सरतांच ग्रामसभा गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावरून रब्बीचीं पिकें ठरविते, व शेतीसाठीं कूपनलिका खोदूं देत नाहीं. ज्या गांवीं सौरवाहिनी यावयाची आहे, तेथील ग्रामसभेनें तावदानें येण्यापूर्वींच असा ताळेबंद मांडावा, व उसाचें क्षेत्र त्यावरून ठरवावें, अशी आमची सूचना आहे.